जातींची सरमिसळ चालते, वयांची नाही

महाराष्ट्रातल्या परसात कोंबड्यांचा कळप सहसा कुणी ठरवून उभा करत नाही, तो जमत जातो. चार गावरान कोंबड्या घरच्याच असतात. त्यात योजनेतून मिळालेली गिरिराज नाहीतर वनराजची पिल्लं येतात, कुणीतरी हौसेनं कडकनाथची जोडी आणतं, आठवडी बाजारातून एखादी आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) येते, पाहुण्यांकडून एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, मिळते. दोनेक वर्षांत अंगणात काळ्या, तांबड्या, ठिपक्यांच्या, बोडक्या मानेच्या अशा सगळ्या तऱ्हा फिरू लागतात. मग एखादी साथ येते आणि निम्मं खुराडं रिकामं होतं. दोष हमखास जातींवर जातो: ‘गावरानात सरकारी पिल्लं घातली म्हणून रोग शिरला.’ पिल्लं घातल्यानं घोटाळा झाला, एवढं बहुतेकदा खरं असतं. पण ती गिरिराजची होती याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ती तीन आठवड्यांची होती, आणि ज्या जमिनीवर सोडली तिथे दोन-दोन वर्षांच्या कोंबड्या हगत होत्या, संबंध त्याच्याशी असतो.

वेगवेगळ्या जाती एकत्र नांदतात, वेगवेगळी वयं नांदत नाहीत. मिसळ कळप वर्षानुवर्षं टिकवणाऱ्या माणसांकडे पाहिलं की हाच फरक दिसतो. त्यांच्या अंगणात रंग कितीही असोत, पिल्लांची, तलंगांची आणि अंड्यावरच्या कोंबड्यांची जागा मात्र वेगळी असते.

जातींबद्दलची भीती आधी काढून टाकू. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली. पण तिच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आल्याचं २००८ साली जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे सरमिसळ कोंबडीच्या रक्तातच आहे. आणि परसात तर तिचा फायदाच होतो, कारण एकाच जातीत सगळे गुण कधीच सापडत नाहीत. गावरान कोंबडी वर्षाला ५० ते ७० अंडी देते, तीन-चार खेपांत, आणि खेप संपली की खुडूक होऊन अंड्यांवर बसते. ज्याला फक्त अंडी विकायची आहेत त्याला ही खोड वाटते, ज्याला पिल्लं काढायची आहेत त्याला याहून मोठा गुण नाही. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत. दोघींची अंडी गावरानच्या दुप्पट आणि वजन भरभक्कम, पण अंड्यांवर बसण्याची ओढ त्यांच्यात जवळपास उरलेली नाही. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. काटक, चपळ, झाडावर रात्र काढायला आवडणारी, पण तीही आई म्हणून कच्ची. असील मात्र पिल्लांसाठी घारीच्या अंगावर जाते, आणि वर्षाला जेमतेम ४० अंडी देते. बोडक्या मानेची कोंबडी दिसायला कुणाला आवडत नाही, पण विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात तिच्या उघड्या मानेतून उष्णता बाहेर पडते आणि भरगच्च पिसांच्या कोंबड्या धापा टाकत असताना ती चरत असते.

म्हणून २० कोंबड्यांच्या कळपात पाच-सहा गावरान किंवा असीलच्या वळणाच्या माद्या बसवण्यासाठी, दहाएक आरआयआर किंवा ग्रामप्रिया अंड्यांसाठी आणि उरलेल्या वजनाच्या, अशी वाटणी चांगली चालते. गिरिराज-वनराजच्या अंड्यांतून पिल्लं काढता येतात, पण त्या संकरित असल्यानं पुढच्या पिढीत तो जोम आणि एकसारखेपणा राहत नाही. दरवेळी नवी एक दिवसाची पिल्लं खात्रीच्या उबवणी केंद्रातूनच आणावीत.

जाती मिसळल्या की तीन ठिकाणी मात्र जागरूक राहावं लागतं. पहिलं बसायचं दांडकं. गावरान आणि कडकनाथ सहा फुटांवर सहज उडते. साडेतीन किलोची गिरिराजही तिच्यामागे वर जाते आणि सकाळी दगडासारखी खाली आदळते. काही आठवड्यांत तिच्या तळव्याला गाठ येते, आत पू धरतो, ती लंगडू लागते. जड कोंबड्यांसाठी दांडकं दीड फुटांवर हवं, साधारण दोन इंच जाडीचं, कडा तासलेलं, प्रत्येकीला आठ ते दहा इंच जागा मिळेल एवढं लांब. सगळी दांडकी एकाच उंचीवर ठेवली तर वरच्या जागेसाठीची रोजची भांडणंही संपतात. अंडी घालायचे खोके दांडक्यापेक्षा खाली हवेत. ते उंच असले तर कोंबड्या खोक्यातच झोपतात, आणि सकाळी अंडी शेणकाल्यात सापडतात. एक फूट लांब, रुंद, उंच असा एक खोका चार-पाच कोंबड्यांना पुरतो.

दुसरं खाद्य. जड जाती दाराशी उभ्या राहतात आणि भांडं अडवतात, हलक्या जाती लांब फिरून येतात तोवर भांडं रिकामं. एकाच मोठ्या भांड्याऐवजी तीन लहान भांडी एकमेकांपासून सात-आठ फुटांवर ठेवावीत, म्हणजे एक दांडगी कोंबडी तिन्ही अडवू शकत नाही. बाहेर चरणाऱ्या कळपाला सकाळी प्रत्येकी ३०-४० ग्रॅमच द्यावं, बाकीचं संध्याकाळी खुराड्यात. सकाळी पोट भरलं तर गिरिराज दिवसभर सावलीत बसते, तिच्या पोटात चरबी साठते आणि अंडी कमी होतात. संध्याकाळचं खाद्य लांब गेलेल्या कडकनाथला अंधार पडायच्या आत घरी आणतं, हा त्याचा दुसरा उपयोग.

तिसरं कोंबडे. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

आता वयाकडे येऊ, कारण मरतूक तिथे होते. मोठ्या कोंबडीच्या आतड्यात रक्ती हगवणीचे जंतू असतात. लहानपणी थोडीथोडी लागण होऊन तिला प्रतिकारशक्ती आलेली असते, म्हणून ती धडधाकट दिसते. तिच्या विष्ठेतून त्या जंतूंची बीजं मात्र पडत राहतात. जमीन ओली आणि हवा उबदार असली की एक-दोन दिवसांत ती लागण करण्याजोगी होतात. अशा जागेत तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं सोडली की दाणा टिपताना ती पोटात जातात. पाच-सहा दिवसांनी पिल्लं पिसं फुलवून, पंख खाली सोडून कोपऱ्यात उभी दिसतात, तुरे फिके पडतात आणि विष्ठेत रक्त येतं. रक्त दिसेपर्यंत आतड्याची नासाडी झालेली असते. या दुखण्यावर अँप्रोलियम हे औषध पाण्यातून पाच ते सात दिवस देतात, मात्रा पाकिटावरची पाळायची आणि त्या काळात दुसरं पाणी समोर ठेवायचं नाही. इथे एक चूक फार होते. पिल्लं अशक्त दिसतात म्हणून लोक त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक घालतात. अँप्रोलियमचं कामच मुळी जंतूंना बी-१ जीवनसत्त्व मिळू न देणं हे आहे. टॉनिक घातलं की औषध वाया. टॉनिक द्यायचंच तर औषधाचा कोर्स संपल्यावर.

औषधापेक्षा कोरडी गादी जास्त पिल्लं वाचवते. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन-तीन इंच अंथरावा, रोज हातानं किंवा दाताळ्यानं वरखाली करावा. मूठभर गादी आवळून सोडली की ती मोकळी व्हायला हवी. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, धूळ उडाली तर फारच कोरडी. पाण्याच्या भांड्याभोवतालची गादी सगळ्यांत आधी भिजते, म्हणून भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवावं. आणि वास उभ्यानं घेऊ नये. पिल्लाच्या उंचीला वाकून घ्यावा. तिथे डोळे चुरचुरले तर पिल्लं दिवसरात्र त्याच हवेत आहेत.

मॅरेक्स हा दुसरा रोग. त्याचा विषाणू मोठ्या कोंबड्यांच्या पिसांच्या कोंड्यातून धुळीत मिसळतो आणि महिनोन्महिने जिवंत राहतो. लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात टोचतात, पण तिचा परिणाम अंगात यायला एक-दोन आठवडे लागतात. त्याआधी मोठ्यांची धूळ नाकात गेली तर लस हरते. दोन ते पाच महिन्यांच्या तलंगेचा एक पाय पुढे आणि एक मागे पसरला, ती उठू शकेना, की बहुतेकदा हेच असतं. त्यावर उपचार नाही. पिल्लं घेतानाच ‘मॅरेक्स टोचलंय का’ हे विचारावं, आणि पहिले सहा आठवडे मोठ्यांच्या खुराड्यापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवावं.

तिसरी गोष्ट रोग नाही, खाद्य आहे, आणि म्हणूनच ती कुणाच्या ध्यानात येत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. हे लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, खाद्य पिल्लांनी आठवडेच्या आठवडे खाल्लं तर मूत्रपिंडावर ताण येतो, वाढ खुंटते, आणि मेलेलं पिल्लू उघडून पाहिलं तर अवयवांवर खडूसारखी पांढरी पूड दिसते. सगळी वयं एका भांड्यावर आणायचीच वेळ आली तर सर्वांना १६ ते १८ टक्के प्रथिनांचं ग्रोअर (वाढत्या तलंगांचं खाद्य) द्यावं आणि शिंपल्याची भरड वेगळ्या वाटीत ठेवावी. जिला कवच बनवायचं असतं ती आपणहून खाते, पिल्लं एखादा तुकडा टिपून सोडून देतात. कवच रात्री तयार होतं आणि एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, म्हणून ही वाटी दुपारनंतर भरलेली असावी.

घरी मिसळायचं असेल तर १० किलोला मका भरडा ५ किलो, तांदळाची कणी १ किलो, तांदळाचा कोंडा १.३ किलो, सोयाबीनची पेंड २ किलो, बिनमिठाची सुकट ४०० ग्रॅम, खनिज मिश्रण २७० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. प्रथिनं १७-१८ टक्क्यांच्या घरात येतात. सुकट खारवलेली असली तर मीठ घालूच नये. घरच्या शेतातलं कच्चं सोयाबीन भरडून घालायचा मोह होतो, तो टाळावा. त्यातल्या एका घटकामुळे प्रथिनं पचत नाहीत, तो भाजल्यावरच निकामी होतो. पेंडीत हा त्रास नाही. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना मात्र २० टक्क्यांवर प्रथिनांचं स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) द्यावं, तिथे घरच्या मिश्रणावर काटकसर करू नये.

मग व्यवहारात जागा कशा कराव्यात? तीन पुरतात. सहा आठवड्यांपर्यंतची पिल्लं एकीकडे, चार-साडेचार महिन्यांपर्यंतच्या तलंगा आणि नर दुसरीकडे, मोठा कळप तिसरीकडे. कामाचा क्रमही ठरलेला असावा: सकाळी दाणापाणी आधी पिल्लांना, मग तलंगांना, मग मोठ्यांना, आजारी कोंबडीला सगळ्यांत शेवटी. उलटं गेलं तर चपलेच्या तळव्याला चिकटलेली विष्ठा मोठ्यांकडून पिल्लांकडे आपणच नेतो. पिल्लांच्या जागेसाठी चपलांचा वेगळा जोड ठेवायला खर्च काहीच नाही. केंद्रातून आणलेल्या पिल्लांतही आठवड्याहून जास्त फरकाच्या दोन बॅच एकत्र घालू नयेत. एकाच दिवशी आलेल्या गिरिराज आणि गावरान पिल्लांतही तिसऱ्या आठवड्यापर्यंत वजनात इतका फरक पडतो की लहानगी चेंगरतात. दर आठवड्याला आकारानं वेगळी करावीत.

या नियमाला एक सुंदर अपवाद आहे, तो म्हणजे आई. गावरान कोंबडीनं स्वतः काढलेली आठ-दहा पिल्लं मोठ्यांच्याच अंगणात वाढतात आणि बरीचशी जगतात. ती कोरड्या, उन्हातल्या मोकळ्या जमिनीवर फिरतात, त्यांच्या पोटात जंतू थोडेथोडे जातात आणि प्रतिकारशक्ती हळूहळू तयार होते. आई त्यांना उब देते, मोठ्या कोंबड्यांना चोच मारून दूर ठेवते. तीच पिल्लं आईशिवाय, पन्नासच्या संख्येनं, ओलसर शेडमध्ये मोठ्यांबरोबर घातली की आठवड्यात आडवी होतात.

म्हणून खुडूक कोंबडीची किंमत ओळखावी. तिच्याखाली तिची स्वतःची १० ते १२ अंडी मावतात, आरआयआर किंवा गिरिराजची मोठी अंडी आठ-नऊच. जास्त घातली तर कडेची गार पडतात आणि कोंबडी ती फिरवत राहते, त्यामुळे एकेक करून सगळीच बाधतात. बसवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत, फ्रिजमधली नकोत, धुतलेली नकोत. उन्हाळ्यात ओल्या वाळूत मडकं बसवून त्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवावीत. बसवण्याआधी जागेत राख आणि कडुनिंबाचा पाला टाकावा आणि कोंबडीच्या पंखाखाली उवा-गोचीड पाहावेत. चांगली कोंबडी अर्ध्यावर उठून गेली तर आधी हेच कारण शोधावं. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडी धरली की जिवंत अंड्यात कोळ्यासारखा ठिपका आणि रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. निव्वळ स्वच्छ दिसणारी काढून टाकावीत. अठराव्या दिवसानंतर हात लावू नये. एकविसाव्याला पिल्लं निघतात. केंद्रातली एक-दोन दिवसांची पिल्लंही तिच्याखाली सरकवता येतात, पण रात्री, अंधारात, तिची स्वतःची निघाली त्याच सुमारास. दिवसा ती परकं पिल्लू ओळखते आणि टोचून मारू शकते.

जिला बसवायचं नाही तिचा खुडूकपणा घालवण्यासाठी नाकात पीस खुपसणं किंवा पाण्यात बुचकळणं अजून चालतं. हे बंद व्हायला हवं. तळाला जाळी असलेल्या, खालून वारा खेळणाऱ्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवलं की पोट गार पडतं आणि ती आपोआप उठते.

बाजारातून आणलेली मोठी कोंबडी हा वयाच्या मिसळीचाच एक धोकादायक प्रकार आहे. तिच्याबरोबर दुसऱ्या गावचे जंतू येतात. मायकोप्लाझ्मामुळे होणाऱ्या जुनाट सर्दीतून बरी झालेली कोंबडी आयुष्यभर तो जंतू बाळगते, आणि बाहेरून तिच्यात काहीच दिसत नाही. महिनाभर वेगळी ठेवावी, निदान तीस पावलं लांब, वेगळ्या भांड्यांवर. पहिल्याच दिवशी पंखाखाली, शेपटीच्या बुडाशी आणि पायांच्या खवल्यांत बघावं. गोचीड दिवसा कोंबडीवर थोडेच असतात, ते खुराड्याच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. म्हणून तिचं डालगंही खुराड्यात नेऊ नये. शेवटच्या पंधरा दिवसांत आपल्या कळपातली एक कोंबडी तिच्या सोबतीला द्यावी. ती निरोगी राहिली तर पुढचं पाऊल टाकायला हरकत नाही.

पुढचं पाऊल म्हणजे ओळख करून देणं. कोंबड्यांमध्ये कुणी कुणाला टोचायचं याचा पक्का क्रम असतो. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरूप-एबे यांनी तो शंभर वर्षांपूर्वी नोंदवला. नवी कोंबडी आली की हा क्रम पुन्हा लागतो, आणि तलंगा एकेक करून सोडल्या तर सगळा मार एकीवर पडतो. निदान तीन-तीन सोडाव्यात. आधी आठ-दहा दिवस मधे जाळी लावून शेजारी ठेवावं, दोन्हीकडून एकमेकींसमोर खाद्य द्यावं. मग रात्री, झोपल्यावर, दांडक्यावर नेऊन बसवावं. सकाळी उजाडायच्या आत दार उघडून सगळ्यांना बाहेर मोकळं करावं, कारण मारामारी खुराड्याच्या कोपऱ्यात होते, अंगणात पळायला जागा असते. जागोजागी फळ्या तिरप्या टेकवून ठेवल्या तर मार खाणारीला नजरेआड होता येतं. आठवडाभर चोचाचोची चालणारच, त्यात पडू नये. रक्त दिसलं मात्र की त्याच क्षणी उचलावी. लाल रंगावर सगळा कळप तुटून पडतो आणि तासाभरात एक जीव संपतो. जखमेवर जेन्शियन व्हायोलेट लावून लाल रंग झाकावा आणि भरेपर्यंत वेगळी ठेवावी. नेहमीच टोचाटोची होत असेल तर कारण स्वभावात शोधू नये: गर्दी, कमी प्रथिनं, मिठाची कमतरता आणि खुराड्यात येणारं झगझगीत ऊन, ही चार आधी तपासावीत.

हे सगळं अठराव्या आठवड्याच्या आसपास करावं. तोवर तलंगांचं अंग भरलेलं असतं आणि अंडी सुरू झालेली नसतात. अंडं सुरू झाल्यावर जागा बदलली तर ती पंधरा दिवस अंडी थांबवते.

आता मघाशी राहिलेल्या नरांबद्दल. आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरतो. गिरिराजचा चार किलोचा कोंबडा सव्वा किलोच्या गावरान कोंबडीवर चढतो तेव्हा तिच्या पाठीची पिसं जातात, कातडी फाटते. मिसळ कळपात नर नेहमी हलक्या किंवा मध्यम जातीचा ठेवावा. असीलचे दोन नर एका अंगणात ठेवू नयेत, ते एक मरेपर्यंत लढतात. जास्तीचे नर चार-पाच महिन्यांतच काढून टाकावेत. दया म्हणून ठेवलेले सहा नर माद्यांचे हाल करतात. नर दर दोन वर्षांनी बदलावा, नाहीतर बाप-लेकीचं रक्त एक होऊन पिल्लं अंड्यातच मरू लागतात. जुना काढल्यावर मादीच्या शरीरात त्याचं बीज दोन-तीन आठवडे राहतं. नव्या नराचीच पिल्लं हवी असतील तर तीन आठवडे थांबून अंडी बसवावीत.

मानमोडीपुढे, म्हणजे राणीखेत रोगापुढे, मात्र जात, वय, अंगण काहीच चालत नाही. पोपटी-पांढरी हगवण, चोच उघडून श्वास, मग मान पिळवटणं, आणि गावभर खुराडी ओस. औषध नाही, लसच आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची सौम्य लस डोळ्यात एक थेंब, चौदाव्याच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, अठ्ठाविसाव्याला लासोटा पुन्हा, सहा-सात आठवड्यांना देवीची, आणि आठ ते दहा आठवड्यांना आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस अर्धा मिली कातडीखाली. आर-टू-बी तेज आहे, लहान पिल्लांना ती टोचली तर लसच मारते. लस घेऊनही कोंबड्या मेल्या अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा ती उन्हात तापलेली असते. ती दोन ते आठ अंशांत राहायला हवी, थर्मासमध्ये बर्फावर आणायला हवी, आणि मिसळल्यावर दोन तासांत संपायला हवी. बाटली शंभर-दोनशे कोंबड्यांची असते आणि घरी असतात वीस, म्हणून लोक टाळाटाळ करतात. आळीतल्या पाच-सहा घरांनी एकच सकाळ ठरवून एक बाटली वापरावी. शेजारच्या खुराड्यात साथ नसणं हेच आपल्या खुराड्याचं पहिलं कुंपण आहे. लशीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्यावं, आणि आजारी कोंबडीला टोचू नये.

एकाएकी, एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर पोस्टमॉर्टेम घरी करू नये, मेलेल्या ओढ्यात टाकू नयेत, उरलेल्या बाजारात नेऊ नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावं. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नवापूरला निघाला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला पुन्हा. कोंबड्या माराव्या लागतील या भीतीनं लपवलेली साथ सगळ्या तालुक्याला भोवते.

बदकं आणि टर्की याच कळपात घालायची हौस असते. बदकं पाणी सांडून गादी भिजवतात, म्हणून त्यांचं पाणी बाहेर, जाळीवर ठेवावं. टर्की मात्र कोंबड्यांबरोबर अजिबात नको. कोंबडीच्या जंतातून जाणारा एक सूक्ष्म जीव कोंबडीला सहसा फारसं काही करत नाही आणि टर्कीचं यकृत पोखरतो.

पावसाळ्यात मका आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी चढते. तिचं विष शिजवूनही जात नाही. बुरसट वासाची पेंड म्हशीला घालावी असंही म्हणू नये, ती फेकावी. पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. पाऊस सरल्यावर कोंबड्या पिसं गाळतात आणि अंडी बंद होतात. दिवस लहान होत जातो त्याचाही हा परिणाम असतो. त्या दिवसांत थोडी जास्त सुकट किंवा पेंड द्यावी, पिसं प्रथिनांचीच बनतात. ही कोंबडी अंडी देत नाही म्हणून विकून टाकायची वेळ ही नव्हे. उन्हाळ्यात पाणी दुप्पट लागतं, एरवीच्या पाव लिटरऐवजी अर्धा. भर दुपारी दाणा देऊ नये, कारण पचनाची उष्णता बाहेरच्या उष्णतेत भर घालते. पहाटे आणि संध्याकाळी द्यावा. गोणपाट ओली करून बाजूंना टांगावीत, आणि लक्ष आधी गिरिराजवर ठेवावं, उन्हानं पहिला बळी जड कोंबडीचा जातो.

मुंगूस आलं की एकाच खेपेत सगळ्या माना धरतं. षटकोनी जाळी त्याला अडवत नाही, अर्ध्या इंचाची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी) लागते, आणि ती एक फूट जमिनीत पुरलेली.

रोज दोन गोष्टी हातानं पाहाव्यात. सकाळी दाणा देण्याआधी जिची पोटळी (गळ्याखालची दाण्याची पिशवी) अजून भरलेली लागते तिचं पचन बिघडलं आहे. आणि संध्याकाळी मोजणी करताना दांडक्यावर जिचं छातीचं हाड धारदार लागतं ती काही आठवड्यांपासून खंगते आहे, पिसांमुळे डोळ्यांना कळत नाही. अशी वेगळी काढून विष्ठा तपासून घ्यावी.

तीन वर्षांच्या पुढे आरआयआरची अंडी झपाट्यानं घटतात, गावरान आई मात्र पाच वर्षंही पिल्लं काढते. तिला अंड्यांच्या हिशेबानं काढू नये. जागा रिकामी करायची वेळ आली की एका वयाच्या सगळ्या कोंबड्या एकदम काढाव्यात, दोन-चार मागे ठेवू नयेत. जुनी गादी उकरून खतात, फटींवरून ज्वाला फिरवून गोचीड मारावेत, भिंती आणि जमीन चुन्यानं धवळाव्यात, भांडी धुऊन उन्हात टाकावीत. मग जागा पंधरा दिवस कोरडी, उघडी, रिकामी राहू द्यावी, आणि केंद्रात पिल्लांची नोंदणी त्यानंतरच्या तारखेची करावी.